इस्पितळातले औषध आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘घरातील आजारी माणसाची शुश्रूषा’ असा विषय दिला होता. विषय चांगला आहे, पण फार मोठा आहे; आणि पेज कशी करावी, रोग्याची कूस कशी बदलावी हे तुम्हांला माझ्या तोंडून ऐकायला नको. तुमच्यापैकी कितीएकींनी सासू-सासऱ्यांची वर्षानुवर्षे सेवा केलेली आहे. म्हणून मी त्यातला एकच कोपरा घेतला आहे. आपले माणूस इस्पितळात असते तेव्हा त्याला भलतेच औषध जाऊ नये म्हणून तेथील परिचारिका काय काय करतात, आणि उशाशी बसलेल्या आपण बायकांनी त्यात काय करावे व काय करू नये, एवढेच मी बोलणार आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा यातले ज्ञान माझे नव्हे. माझ्या थोरल्या वन्सं मुंबईच्या एका इस्पितळात ३१ वर्षे सिस्टर होत्या, त्यांच्याकडून ते मिळाले. पाहिलेले मात्र माझे आहे. मामंजींच्या पायाच्या जखमेपायी २०२३ साली आम्ही घाटावरच्या एका मोठ्या इस्पितळात २२ दिवस काढले. त्यातल्या १९ रात्री त्यांच्या खाटेशेजारी मी होते.

आपल्याला वाटते, डॉक्टरांनी औषध सांगितले आणि सिस्टरने दिले, यात काय ते अवघड! पण जरा मागे लागून पाहा. डॉक्टर केसपेपरवर लिहितात. सिस्टर ते औषधाच्या तक्त्यावर उतरवते. मग आपल्याकडे एक चिठ्ठी घरच्या माणसाच्या हातात देतात आणि ते माणूस औषधाच्या दुकानात धावते. दुकानदार म्हणतो, “या कंपनीचं नाही, त्या कंपनीचं आहे, औषध एकच.” पिशवी खाटेशेजारच्या कपाटात येते. पाळी बदलते, नवी सिस्टर येते, ती पिशवीतून औषध काढते, इंजेक्शन भरते, टोचते आणि नोंद करते. किती हात झाले मोजा. निरोप चार तोंडांतून गेला की लग्नाचा मुहूर्तसुद्धा बदलतो, मग हे तर कठीण इंग्रजी नावांचे काम. डॉक्टरांचे अक्षर हा तर थट्टेचाच विषय आहे. औषधाचे मूळ नाव स्वच्छ आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली केला. अक्षर वाचता आले नाही तर अंदाज करू नये, फोन करून विचारावे, हे सिस्टरांना शिकवतातच. आपणही दुकानदाराला अंदाज करू देऊ नये.

परिचारिकांच्या शिक्षणात पाच गोष्टी पाढ्यासारख्या पाठ करून घेतात. योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. पुढे त्यांत योग्य नोंदही धरू लागले. मार्ग म्हणजे पोटात घ्यायचे, शिरेत द्यायचे की कातडीखाली टोचायचे. वन्सं म्हणतात, हा पाढा म्हणणे सोपे, रात्री तीन वाजता पाळणे कठीण. त्यांना आणखी एक सवय लावलेली होती: बाटलीवरचे नाव तीनदा वाचायचे. कपाटातून काढताना एकदा, भरताना एकदा, आणि रोग्याला देण्यापूर्वी एकदा. त्या निवृत्त झाल्या तरी आमच्या घरी हळदीचा डबासुद्धा तीनदा वाचतात, यावर मुले हसतात!

या पाच गोष्टींतली पहिली सर्वांत सोपी वाटते. आपला रोगी कोण हे का कळत नाही? तर ऐका. आमच्या वॉर्डात मामंजींच्याच नावाचे आणि आडनावाचे दुसरे एक आजोबा होते. आपल्याकडे एका गावात एका आडनावाची निम्मी घरे. त्यात नावे देवांची, तीही ठरलेली. ते आजोबा आधी टोकाच्या खाटेवर होते, संध्याकाळी त्यांना आमच्या शेजारी आणले. दोघांनाही मधुमेह. आमच्या मामंजींना रात्रीच्या जेवणापूर्वी आठ वाजता इन्शुलिन दिलेले होते. दहाच्या सुमारास रात्रपाळीची सिस्टर ट्रे घेऊन आली आणि म्हणाली, “आजोबा, तुमचंच नाव हे ना?” मामंजींना ऐकू कमी येते. कोणी काही विचारले की ते हसून मान हलवतात. तशी त्यांनी हलवली. तिने बाही वर केली.

मी म्हटले, “सिस्टर, हे कसलं?”

“इन्शुलिन, काकू.”

“त्यांना आठ वाजता झालंय हो.”

तिने हात थांबवला. मनगटावरची पट्टी पाहिली, तिच्यावरचा नोंदणी क्रमांक तक्त्याशी ताडला. क्रमांक शेजारच्या आजोबांचा होता. त्यांना झोपताना रात्रभर पुरणारे इन्शुलिन देत असत, ते हे. मामंजींना ते गेले असते तर झोपेत साखर उतरली असती. झोपलेल्या माणसाला घाम फुटला, तो घुसमटला, तरी कोणाला कळते? सकाळी बेशुद्धच सापडले असते, किंवा त्याहून वाईट. पोरीचे वय २३-२४ असेल. तोंड पांढरेफटक पडले तिचे. त्या रात्री तिच्याकडे ३४ खाटा होत्या आणि मदतीला एक शिकाऊ मुलगी.

वन्संना मी फोनवर हे सांगितले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला तो हा की, तिने नाव विचारले की नाव सांगून ‘हो ना’ म्हणून विचारले? यात सगळे आले. रोग्याला नाव सांगून होकार मागायचा नाही; त्याच्या तोंडून त्याचे पूर्ण नाव वदवायचे, आणि जोडीला दुसरी एक खूण ताडायची, जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक. खाटेचा क्रमांक ही खूणच नव्हे, कारण खाट बदलते. काही मोठ्या इस्पितळांत आता मनगटाच्या पट्टीवर आणि औषधावर रेघांचा छाप असतो, तो यंत्राने वाचतात आणि जुळला नाही तर यंत्र ओरडते. पण जिथे यंत्र नाही तिथे तोंड आणि डोळे आहेतच.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात ही गोष्ट पसरली. समोरच्या खाटेवाल्यांनी आवाज चढवला, ‘तिला काढून टाका’ म्हणाले. उलट वॉर्डातील मोठ्या सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “काकू, काही झालं तर नाही ना, मग कशाला वाढवता?” मला दोन्ही पटेना. वन्संनी सांगितले, “हे बघ, मेट्रनबाईंकडे जा. तक्रार म्हणून नको, नोंद करा म्हणून सांग. टळलेली चूकसुद्धा लिहावी लागते. लिहिली नाही तर पुढच्या महिन्यात तीच दुसऱ्या कोणाला होईल.” मी गेले. मेट्रनबाई शहाण्या निघाल्या. नोंद झाली, एका आजोबांची खाट दुसऱ्या खोलीत हलवली, दोघांच्या केसपेपरवर लाल शाईने ‘समान नाव’ असे लिहिले, आणि इन्शुलिन देताना दोघींनी पाहायचे असे ठरले. त्या मुलीला काढले नाही. पुढे मामंजींचे रोजचे ड्रेसिंग तीच करी, आणि तिच्यासारखा हलका हात दुसऱ्या कोणाचा नव्हता.

आता इन्शुलिनचा विषय निघालाच आहे तर थोडी थांबते, कारण ते आपल्यातल्या पुष्कळ घरांत आहे. आपल्या देशात बाटलीतले इन्शुलिन बहुतेक ४० शक्तीचे मिळते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पण १०० शक्तीचेही मिळते आणि पेनमध्ये तर तेच असते. दोन्हींच्या सुया वेगळ्या: ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी टोपीची. समजा २० युनिट द्यायचे आहेत. १०० चे औषध लाल टोपीच्या सुईत २० च्या रेघेपर्यंत भरले तर अर्धा मिलिलिटर आला, म्हणजे ५० युनिट गेले. उलट केले, ४० चे औषध नारिंगी टोपीच्या सुईत भरले, तर जातील फक्त आठ. एकात साखर कोसळणार, दुसऱ्यात चढणार, आणि घरचे म्हणणार की आम्ही तर बरोबर २० दिले. बाटलीवरचा आकडा आणि टोपीचा रंग ही जोडी जुळल्याशिवाय सुई लावू नये. इन्शुलिनसारखी जी जोखमीची औषधे आहेत, त्यांचा हिशेब इस्पितळात दोन सिस्टरांनी करायचा असतो. तोही पहिलीचे उत्तर ऐकून मान डोलवायची नाही, दुसरीने आपला आपण करायचा आणि मग ताडायचा.

लिहिण्यातही गंमत आहे. इंग्रजीत युनिट म्हणून नुसते ‘यू’ हे अक्षर लिहिले तर घाईत ते शून्यासारखे दिसते आणि ४ चे ४० होतात. म्हणून पूर्ण शब्द लिहावा असे शिकवतात. एक पूर्णांकापुढे टिंब देऊन शून्य लिहिले तर टिंब पुसट झाले की १० होतात. ते शून्य लिहायचेच नाही. अर्धा लिहिताना मात्र टिंबाआधी शून्य हवेच, नाहीतर अर्ध्याचे पाच! फोनवर डॉक्टरांनी मात्रा सांगितली तर लिहून घेऊन परत वाचून दाखवायची, आणि इंग्रजीतले पंधरा व पन्नास कानाला सारखे लागतात म्हणून ‘एक-पाच’ किंवा ‘पाच-शून्य’ असे म्हणायचे. आपण किराण्याच्या यादीत एवढे पाहिले तरी कितीतरी भांडणे मिटतील.

सारख्या दिसणाऱ्या बाटल्यांचे तर विचारू नका. पोटॅशियम क्लोराइड नावाचे एक औषध आहे. रक्तात पोटॅशियम कमी झाले की ते सलाईनमध्ये मिसळून, पातळ करून, हळूहळू देतात आणि त्याने माणूस सुधारतो. पण तेच पातळ न करता एकदम शिरेत गेले तर हृदय थांबते. आणि त्याची लहान कुपी इंजेक्शनच्या साध्या पाण्याच्या कुपीसारखी दिसू शकते. म्हणून असली दाट औषधे वॉर्डाच्या साध्या कपाटात ठेवूच नयेत, कुलपात वेगळी ठेवावीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ सालीच सांगितले आहे. मला हा उपाय फार आवडला. ‘नीट बघत जा’ असे शंभरदा सांगण्यापेक्षा उंदराचे औषध साखरेच्या फळीवर ठेवू नये, हे कोणतीही गृहिणी सांगेल.

सावध राहा म्हणण्याने सगळे भागत नाही याचा मोठा दाखला अमेरिकेतला आहे. नॅशव्हिल शहरातील एका नामांकित रुग्णालयात डिसेंबर २०१७ मध्ये एका ७५ वर्षांच्या बाईंना तपासणीआधी शांत वाटावे म्हणून एक औषध द्यायचे होते. तिथे औषधाचे कपाट यंत्राचे. नावाची पहिली अक्षरे दाबली की कप्पा उघडतो. सिस्टरने दोन अक्षरे दाबली, औषध सापडेना, म्हणून नेहमीची अडवणूक ओलांडून काढले, आणि हाती आले ते त्याच अक्षरांनी सुरू होणारे, स्नायू लुळे करणारे, श्वास बंद पाडणारे औषध. टोपणावर इशारा छापलेला होता. औषध पूड होते, हवे असलेले पातळ असते. तरी ते गेले, आणि बाई वारल्या. त्या सिस्टरने आपले चुकले हे लगेच सांगितले. रुग्णालयाने मात्र सरकारी तपासणी खात्याला कळवले नाही. पुढच्या वर्षी कोणीतरी निनावी कळवले तेव्हा ते उघड झाले. मार्च २०२२ मध्ये कोर्टाने त्या सिस्टरला दोषी ठरवले आणि मे महिन्यात तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा दिली. तेव्हा देशभरच्या परिचारिका हळहळल्या. त्या म्हणाल्या, खरे सांगणाऱ्याला कोर्टात उभे केले तर पुढे कोण खरे सांगेल?

यावर आमच्या घरी वाद झाला. आमचे हे म्हणाले, माणूस गेले, शिक्षा नको का? मला त्यांचेही म्हणणे सोडवत नाही. ज्यांची आई गेली त्यांना ‘व्यवस्थेचा दोष’ हे उत्तर कसे पुरेल? पण सूड घेतल्याने पुढच्या खाटेवरचे माणूस वाचत नाही, हेही तितकेच खरे. जेम्स रीझन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी यावर चांगला दाखला दिला आहे. ते म्हणतात, प्रत्येक खबरदारी ही भोके असलेल्या चीजच्या चकतीसारखी असते. चकत्या एकावर एक ठेवल्या म्हणजे एकीचे भोक दुसरीने झाकले जाते. सगळ्यांची भोके एका रेषेत आली की अपघात होतो. आपल्याला ते चीज कुठले माहीत! मी आपली जाळीदार आंबोळी समजते. एका आंबोळीतून तूप खाली ओघळते, चार रचल्या तर ओघळत नाही. डॉक्टर एक, औषधवाला एक, सिस्टर एक, आणि उशाशी बसलेले माणूस ही चौथी.

पण ही चौथी आंबोळी कधीकधी स्वतःच घोटाळा करते, ते सांगितले पाहिजे. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांच्या मागे राहून त्या औषधे देताना काय होते ते पाहिले. ४२७१ वेळा दिलेली औषधे मोजली. २०१० साली ते छापून आले. कामात एकदा अडथळा आला की औषधातल्या चुका सुमारे १२ टक्क्यांनी वाढत, आणि एकाच औषधात चार वेळा अडथळा आला तर मोठ्या चुकीचा धोका दुप्पट होई. आणि आपण काय करतो? सिस्टर ट्रेपाशी उभी राहून इंजेक्शन भरते आहे तोच, “सिस्टर, सलाईन संपत आलं.” “सिस्टर, डॉक्टर कधी येणार?” “सिस्टर, पंखा लावा.” भेटीच्या वेळी एका खाटेभोवती आठ माणसे, त्यांत एकाचा फोन वाजतो. काही परदेशी इस्पितळांत औषधे देताना परिचारिका ‘मला थांबवू नका’ असे लिहिलेली बंडी घालतात. आपल्याकडे तशी बंडी घातली तर लोक थांबवून विचारतील की हे काय लिहिले आहे! मी मात्र त्या रात्रीनंतर एक नेम केला होता: तिच्या हातात सुई असेल तोवर पंख्याबद्दल बोलायचे नाही. ती आपल्या खाटेशी आली की औषधाबद्दल जरूर विचारायचे.

भगिनींनो, सिस्टरांची संख्या हाही यातलाच भाग आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या प्रमाणाने शिकवणीच्या रुग्णालयात तीन रोग्यांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाचांमागे एक परिचारिका असावी. मी तुम्हांला ३४ चा आकडा सांगितलाच आहे. तेव्हा इस्पितळाच्या अभिप्रायवहीत ‘सेवा उत्तम’ किंवा ‘सेवा वाईट’ असे लिहून येण्याऐवजी ‘रात्री सिस्टर कमी आहेत’ असे लिहून या. मी लिहिले.

आता आपले काम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांतून होणारा टाळता येण्यासारखा अपाय कमी करण्यासाठी मोहीम काढली, आणि १७ सप्टेंबर २०२२ चा रुग्णसुरक्षा दिवस याच विषयाला दिला. त्यांचे रोग्यांसाठी तीनच शब्द आहेत: जाणा, तपासा, विचारा. त्याचा आपल्या घरगुती भाषेत अर्थ असा की, दवाखान्यात जाताना घरी चालू असलेली सगळी औषधे, वैद्यांच्या काढ्यांसकट आणि शेजारणीने दिलेल्या गोळीसकट, एका पिशवीत घालून न्यावीत. कोणत्या औषधाने अंगावर गांधी उठल्या होत्या ते पहिल्यांदा सांगावे. सिस्टर औषध देताना नाव व कशासाठी ते विचारावे. रंग किंवा आकार कालच्यापेक्षा वेगळा दिसला तर ‘कंपनी बदलली का’ म्हणून विचारून मगच गिळू द्यावे. चांगली सिस्टर रागावत नाही. रागावलीच तर रागावू द्यावी.

घरी सोडतात त्या दिवशी फार घाई असते: बिल, गाडी, सामान. चुका होण्याचा तोच दिवस. गोळ्यांचा कागद तिथेच बसून सिस्टरकडून समजून घ्यावा. सांधेवातावर मेथोट्रेक्झेट नावाची गोळी देतात, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली गेली तर रक्तातल्या पेशी खलास होतात, जीवही जातो. तशी गोळी असेल तर वाराचे नाव डॉक्टरांकडून मराठीत लिहून घ्यावे. लहान मुलांच्या तापाच्या औषधाचेही तसेच. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये बहुधा १०० मिलिग्रॅम औषध असते, आणि साध्या सिरपच्या पाच मिलिलिटरच्या मापात सुमारे १२५. थेंबांचे औषध चमच्याने पाजले तर तान्ह्याला ५०० मिलिग्रॅम गेले. बाटलीबरोबर जे माप येते त्यानेच द्यावे. आपले चहाचे चमचे प्रत्येक घरी वेगळे असतात.

वन्संनी मामंजींसाठी एक वही करून दिली होती: डाव्या बाजूला औषधाचे नाव आणि कशासाठी, मध्ये मात्रा व वेळ, उजवीकडे दिले की खूण. शेवटच्या पानावर अंगाला न मानवणारी औषधे. त्याच वहीवरून चिटणीसबाईंनी मंडळाच्या खर्चाने जाड कागदाची १५० कार्डे छापून घेतली आहेत. ती तिकडे हळदीकुंकवाच्या टेबलावर ठेवली आहेत. प्रत्येकीने घरात जेवढी औषधे घेणारी माणसे आहेत तेवढी न्यावीत. ज्यांना लिहिता येत नाही, किंवा औषधांची इंग्रजी नावे वाचता येत नाहीत, त्यांनी गुरुवारी दुपारी तीननंतर औषधांची पिशवी घेऊन मंडळाच्या खोलीत यावे. माझी सून इंग्रजी वाचते. आम्ही दोघी बसून कार्ड भरून देऊ. येताना रिकाम्या बाटल्या आणि जुन्या चिठ्ठ्याही आणाव्यात, टाकून देऊ नयेत.